पिवळ्यावर लाल

"ताई, झोपलीस का काय खाली?" वेल्डरकाकांनी ग्राइंडर थांबवून विचारलं. "मघापासून नुसते पाय दिसतायत. ते तरी हलव, म्हणजे जिवंत आहेस एवढं कळेल."

ताईने पाय हलवले नाहीत. ती गाडीखाली उताणी पडली होती आणि तिच्या हातातल्या बॅटरीचा उजेड मागच्या चाकाजवळच्या एका नटावर खिळला होता. नटावरून खालच्या सळईवर उतरणारी पिवळी रेघ तुटली होती. तिचा वरचा तुकडा नटाबरोबर फिरून बाजूला सरकला होता. आणि सळईवर उरलेल्या पिवळ्यावरून, जरा तिरकी, एक लाल रेघ ओढलेली होती.

या वर्कशॉपात एक रीत होती. नट आवळून झाला की आवळणाऱ्याने त्याच्यावर रंगाची रेघ ओढायची, नटावर सुरू होऊन खालच्या लोखंडावर संपणारी. रेघ सलग दिसली तर नट हललेला नाही. तुटलेली दिसली तर तो कुणी तरी सोडला आहे किंवा धक्क्यांनी सैल झाला आहे. रंग ज्याचा त्याचा, म्हणजे उद्या काही बिनसलं तर जाब कुणाला विचारायचा यावर वाद नको. वेल्डरकाकांचा पांढरा. ताईचा पिवळा, तिच्या बाटलीला धाकटा भाऊ 'नेलपॉलिश' म्हणायचा आणि "ताई गाडीला नटवतेय" म्हणून हसायचा. लाल रंग बाबांचा. ती बाटली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनासारखी कायम असे. ही रीतही त्यांनीच घालून दिली होती.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी, एक क्षणभर, तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचाच तिला नंतर सर्वांत जास्त संताप आला. म्हणजे इतके दिवस आपण खरंच मानत होतो तर, की चूक आपली होती!

बाहेरची कामं करून पोट भरणारं हे वर्कशॉप ज्या एका गाडीसाठी जगत होतं, तिच्या मागच्या बाजूला एक पोलादी दांडी होती. अँटी-रोल बार. दोन्ही चाकांना ती दोन लिंकांनी, म्हणजे फिरवून लांबी कमीजास्त करता येणाऱ्या सळयांनी, जोडलेली असते. वळणावर गाडी एका कुशीवर कलू लागली की दांडी पीळ खाते आणि गाडीला सावरून धरते. सगळं कौशल्य त्या लिंका बसवण्यात. चालक गाडीत एका बाजूला बसतो, त्याच्या वजनाने ती बाजू किंचित दबते. म्हणून लिंक आवळायची ती चालकाला सीटवर बसवूनच, बोल्ट नुसत्या बोटाने ढकलला तरी भोकातून सरकेल अशा बेताने. रिकाम्या गाडीत आवळली, तर माणूस बसताक्षणी दांडीला उभ्या गाडीतच पीळ बसतो. मग गाडी डाव्या वळणावर एक वागते आणि उजव्या वळणावर भलतंच.

गेल्या शर्यतीत ती भलतंच वागली होती. लांब उजव्या वळणावर तिची शेपटी सुटली आणि भाऊ टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळला. खांद्याचं हाड मोडलं, बरगड्यांना मार बसला. स्ट्रेचरवरूनच तो सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "बार ताईने बसवला होता." तेवढंच. पण ते वाक्य तिच्या आधी घरी पोचलं. भावाला बघायला गेली तेव्हा भावजयीने चहाचा कप तिच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

गाडी तशीच पत्रेवाल्याकडे गेली आणि आज सकाळी परत आली. मधल्या काळात ताईने ती संध्याकाळ मनात किती वेळा उलगडली असेल! भाऊ सीटवर बसला होता ना? होता, फोनवर बोलत होता. बोल्ट सरकला होता ना? सरकला होता. की सरकला असं आपल्याला वाटलं? विसाव्या वर्षापासून पाना धरणारा हात तिला परका वाटू लागला होता. साधी डब्यांची झाकणं लावतानाही ती दोनदा बघायची.

तिने पाना लावला. नट कुरकुरला आणि सुटला. तो तिने उजेडात धरला: एका बाजूवर पिवळा डाग, शेजारच्या बाजूवर लाल. मग तो डांगरीच्या खिशात टाकला आणि ती बाहेर आली.

"काय गं, भूत बघितलंस?" वेल्डरकाका म्हणाले.

"भुताला सही करता येत नाही, काका."

"आँ?" ग्राइंडरने त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते.

"काही नाही. तुम्ही तुमचं चालू द्या."

बाबा दहाच्या सुमाराला आले. सदरा स्वच्छ, चष्मा दोरीला, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी मऊ. ते थेट काचेच्या ऑफिसात गेले, तिथल्या खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली आणि कागद सोडून नवी कोरी उशी तिच्यावर ठेवली.

"बसून बघ," बाहेर येत ते म्हणाले. "पाठीला बरं. सारखं खाली लोळून तुझी पाठ कामातून गेलीये."

"माझी पाठ शाबूत आहे."

"आज आहे. हे एवढं बसवून दे, मग उद्यापासून ऑफिस बघ. फोन, बिलं, गिऱ्हाइकं. तिथेही विश्वासाचं माणूस लागतंच."

"आणि गाडी?"

"बाळ बघतोय कुणीतरी बाहेरचा." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "त्याचं मन आता धजत नाही, ताई. तू नाराज होऊ नकोस."

बाळ म्हणजे धाकटा. वय चौतीस, पदरात दोन मुलं, तरी घरात बाळच. 'हे एवढं' म्हणजे त्याने मागितलेला अ‍ॅडजस्टर. बारचा ताठपणा चालत्या गाडीत, सीटवर बसल्या बसल्या बदलता यायला हवा, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. "आता बार माझ्या हातात पाहिजे. कुणाच्या भरवशावर नको." फोन स्पीकरवर होता. ताई तिथेच एका सुट्या भागाला पॉलिश करत होती, आणि ते त्याला माहीत होतं.

ताईने बाबांकडे बघितलं. खिशातला नट तिच्या मांडीला टोचत होता. आत्ता काढून त्यांच्या नाकासमोर धरावा, हे इतकं सोपं होतं की तिचा हात खिशापर्यंत गेलाही. पण तिला ते तिच्या तोंडून नको होतं. ज्याची रेघ त्याने बोलावं. तिने ठरवलं, काम संपेपर्यंत वाट बघायची. माणसाला तेवढा अवधी पुरायला हवा.

"उशी चांगली आहे," ती म्हणाली. "तिथेच राहू दे."

मग ती कामाला लागली. राग आला की तिचा हात थरथरत नसे, उलट स्थिर होई. जुन्या दांडीचा एका टोकाचा हात तिने कापून काढला आणि त्या जागी आपणच घडवलेलं पातं बसवायला घेतलं. पातं स्प्रिंगच्या पोलादाचं, पाणी दिलेलं. युक्ती साधी होती: पट्टी आडवी धरली तर वाकते, उभी धरली तर वाकत नाही. पातं आडवं असेल तर बार मऊ, उभं फिरवलं की ताठ, आणि मधल्या कोनांवर मधलं. ते फिरवायला एक केबल, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला चालकाच्या हाताशी खाचांमधून सरकणारा लीव्हर. ती एकेक खाच कानसत राहिली. प्रत्येक खाचेत लीव्हर 'टक' करून बसायला हवा. वेगात असलेल्या माणसाला बघायला सवड नसते, त्याच्या तळव्याला कळलं पाहिजे.

बाबा मधूनमधून येऊन उभे राहत.

"पात्याचा बुश जरा घट्ट वाटतोय."

"फिरवून बघा."

ते पातं फिरवून बघत. पातं बुशात लोण्यासारखं फिरे. "बरा आहे," म्हणत आणि तरी तिथेच घुटमळत. एकदा वाटलं, आता बोलतील. त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "चहा मागवू?"

"नको."

तिला ठाऊक होतं आणि त्यांनाही, की या अ‍ॅडजस्टरने मूळ दुखणं जाणार नव्हतं. पातं दांडीचा ताठपणा बदलतं. उभ्या गाडीत भरलेला पीळ ते काढू शकत नाही. लिंक चुकीची आवळली असेल तर चालकाने खाचा बदलत बसावं नुसतं. एवढा खटाटोप चालला होता तो एका खोट्यावर. आणि ते खोटं कुणी बोललंही नव्हतं. मूग गिळून बसलं की झालं.

दुपारी बाळचा फोन आला. प्रायोजकांबरोबरचं जेवण लांबलंय, यायला उशीर होईल. "सीटवर पोती टाका ना वाळूची. माझ्या वजनाची. मी काय, नुसता बसूनच तर राहणार."

"पोती चालतील," बाबा ताईला म्हणाले.

ताईने हातातली कानस खाली ठेवली. "पोती? 'पोतं सीटवर बसतं, माणूस सीटवर रेलतो' हे मला कुणी शिकवलं?"

"अगं, पण तो नाहीये तर—"

"तुम्ही आहात. तुमची अन् त्याची अंगकाठी एक. बसा."

"मी?"

"का? सीट चावते?"

वेल्डरकाका फिस्सकन हसले. हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

शर्यतीच्या गाडीत शिरणं म्हणजे पिंजऱ्यात शिरणं. दारात आडवी नळी, तिच्यावरून पाय टाकायचा, मग डोकं वाकवून अंग आत ओढून घ्यायचं. बाबांना ते जमता जमेना. वेल्डरकाकांनी काखेत हात घालून आधार दिला. ताईने खांद्यावरून, कमरेवरून पट्टे आणले आणि छातीशी बकल लावलं. पट्टे ओढताना ती त्यांच्या इतकी जवळ होती की खिशातल्या बाटलीतला लाल रंग तिला दिसला.

"दोन्ही हात स्टीअरिंगवर," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत हलू नका."

गाडीची चाकं चार सारख्या उंचीच्या लोखंडी ठोकळ्यांवर होती. तिने एकेक कोपरा दाबून गाडी हिंदकळवली, स्थिर होऊ दिली, मग खाली सरकली. आता वर बाबा बांधलेले आणि खाली ती. मध्ये एक पत्रा.

तिने लिंक हातात घेतली. सळई अर्धा फेरा फिरवली, बोल्ट भोकाशी नेला. अडला.

"बाबा."

"हं."

"शर्यतीच्या दिवशी सकाळी तुम्ही हा बोल्ट तपासलात ना?"

गाडी किंचित हलली.

"हलू नका. नुसतं बोला."

वेल्डरकाकांचा ग्राइंडर थांबला.

"बघितला होता," बाबा म्हणाले. "ताठ लागला. बोटाने सरकेना."

"गाडीत कोण होतं?"

वर पट्ट्यांचा करकर आवाज झाला.

"बाबा, गाडीत तेव्हा कोण बसलं होतं?"

"कुणी नाही."

ताईने सळई आणखी थोडी फिरवली. रिकाम्या गाडीत तो बोल्ट ताठच लागायला हवा होता. तो ताठ लागला हाच पुरावा होता, की आदल्या संध्याकाळी तो माणूस बसवून बरोबर आवळलेला आहे. हे ज्याने तिला शिकवलं, तोच त्या सकाळी गाडीखाली वाकला, त्याला बोल्ट ताठ लागला, आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की पोरीचं चुकलं.

"मला वाटलं, तुझं राहिलं," बाबा म्हणाले. "आदल्या दिवशी फार दमली होतीस तू."

"मी शेजारच्या खोलीत होते. उठवायचं होतं मला."

"वाटलं, झोपू दे."

"झोपू दे!" तिचा आवाज पत्र्यावर आपटून तिच्याच अंगावर आला. "झोपू दे म्हणून माझं बरोबर काम मोडलंत आणि वर आपली रेघ ओढलीत. बरं, ते एक वेळ चुकून झालं म्हणू. पण नंतर? बाळ स्ट्रेचरवरून बोलला तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी होतात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात. मला वाटलं, मला धीर देताय. इतके दिवस त्या हाताच्या आधारावर मी जगले. तो हात कशासाठी होता, बाबा?"

"सांगणार होतो गं."

"कधी? मला उशीवर बसवून झाल्यावर?"

"पोरगा जाता जाता राहिला, ताई. माझ्या हातून." बाबा म्हणाले. "हे तोंडातून निघेना. रोज सकाळी ठरवायचो. निघायचंच नाही."

"माझ्या हातून जाता जाता राहिला, हे मात्र चाललं तुम्हाला."

माणूस उठून जाऊ शकला असता तर गेला असता. पण तो बांधलेला होता, आणि हलला असता तर काम बिघडलं असतं. दोघांनाही कामाची इतकी सवय होती, की तो हलला नाही आणि तिनेही बोल्टवरून बोट काढलं नाही. तिने सळई केसभर मागे घेतली. बोटाने ढकलला, तसा बोल्ट अलगद भोकातून पार गेला.

त्याच वेळी दाराशी गाडी थांबली आणि बाळ आत आला. खांदा अजून जरा आखडलेला, अंगाला अत्तराचा वास.

"हे काय, बाबा? या वयात शर्यत? मला सांगायचं तरी, मी हेल्मेट आणलं असतं." तो हसत सीटपाशी आला. "चला, उतरा. आलो मी."

"काम चालू आहे," बाबा समोर बघत म्हणाले. "ती सांगेल तेव्हा उठेन. आणि बाळ, ऐक. त्या दिवशी बार ताईने बरोबर बसवला होता. सकाळी मी तो सोडला आणि रिकाम्या गाडीत पुन्हा आवळला. चूक माझी."

बाळने क्षणभर बाबांकडे, मग गाडीखालून दिसणाऱ्या पायांकडे बघितलं.

"बाबा, पुरे. तुमच्या हातून असं होणं शक्य तरी आहे का? लहानपणापासून हेच चाललंय, तिची प्रत्येक चूक तुम्ही पोटात घालायची. ऑफिसात बसायला सांगितलं म्हणून तिने रडारड केली असणार, आणि तुम्ही विरघळलात."

गाडीखालून ताई हसली. ते हसू ऐकून वेल्डरकाकांनी हातातला चष्मा उगाचच पुसायला घेतला. ती सरकत बाहेर आली, उठून बसली आणि खिशातला नट भावाच्या तळव्यावर ठेवला.

"बाबांचा शब्द पुरत नाही ना तुला? मग नटाचा घे. रंग ओळखता येतात, की नेलपॉलिशच दिसतं अजून?"

बाळने नट फिरवून बघितला. एका बाजूवर पिवळा. दुसऱ्या बाजूवर लाल. तो याच वर्कशॉपात रांगत मोठा झाला होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. तो बाबांकडे वळला, पण पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या, स्टीअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघणाऱ्या त्या म्हाताऱ्यावर ओरडायचं कसं, ते त्याला कळेना. शेवटी तो बहिणीलाच म्हणाला, "मला कसं कळणार होतं, ताई?"

"विचारून."

ताईने जांभई द्यावी तसा मोठा श्वास सोडला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "बाबा, झालं. उतरा. बाळ, तू बस. तुझं वजन आणि त्यांचं अगदी एक नाही. शेवटचं तुझ्यावरच बसवायचं. आणि फोन बाहेर ठेव."

बाबांना बकल सुटेना. बोटं नुसती त्याच्यावरून घसरत होती. बाळने वाकून ते सोडलं, त्यांना बाहेर घेतलं, आणि मुकाट्याने सीटवर जाऊन बसला. नव्या लीव्हरवर हात ठेवून त्याने तो एक खाच सरकवला. टक. आणखी एक. टक. "चांगला बसतोय," तो पुटपुटला.

"हात काढ. मधल्या खाचेत राहू दे," खालून आवाज आला. "हलू नकोस."

तिने पुन्हा चारही कोपऱ्यांचा हिशोब केला, सळई केसभर इकडे, केसभर तिकडे केली. बोल्ट सरकला. सळई जागेवर पकडून ठेवणारा नवा चेकनट लावून तिने पाना ओढला आणि पिवळ्या बाटलीचं झाकण उघडलं. रेघ नटावरून निघून सळईवर उतरली, सरळ, सलग. राग गेला नव्हता. तो जाईल असं तिला वाटतही नव्हतं. पण हात तिचेच होते.

गाडीखालून, दोन चाकांच्या मधून, काचेचं ऑफिस दिसत होतं. बाबा तिथे जाऊन बसले होते. नव्या उशीवर, पाठ ताठ, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर, स्टीअरिंग धरल्यासारखे. सदऱ्याच्या खिशातली लाल बाटली इथवर दिसत होती. टेबलावरचा फोन वाजत होता. त्यांनी तो उचलला नाही. मानसुद्धा वळवली नाही. हलू नका, असं कुणी तरी सांगितलंय आणि आता हला म्हणायला ते माणूस विसरलंय, तसे ते बसून होते.

ताईला ते दिसलं. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

रेघ अजून ओली होती. ती वाळेपर्यंत ताई तिथेच पडून राहिली.